पाहुण्यांसाठी धुतलेली विहीर

कराडहून निघालेली बस पहाटे कोपरीच्या पुलाशी थांबली. ठाण्याला मी हौसेने गेलो नव्हतो. गुजरातेतल्या तेलक्षेत्रात बंद पडलेल्या तेलविहिरी तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. तेल यायचे थांबले तरी विहिरीची जबाबदारी संपत नाही, हे त्या कामाचे पहिले सूत्र. माझ्या हाताखाली राबलेला बाळाराम आता ठाकुर्लीपलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या आपल्या मूळ गावी राहतो. त्याचा फोन आला होता, "साहेब, आमच्या विहिरीला आपल्या तिकडचा वास येतो. चाचणीवाले येनार हायत. तुम्ही नुसते उभे राहा."

मला उतरवून घेण्यासाठी तो आदल्या संध्याकाळीच कोपरीत लेकीकडे येऊन राहिला होता. जावयाच्या गाडीतून आम्ही मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून शीळफाट्याकडे वळलो. डोंगराची एक बाजू खरवडून नेलेली. पुढे भातखाचरांच्या जागी उंच इमारती, आणि प्रत्येकीच्या फलकावर निसर्गाच्या सान्निध्याचे आश्वासन. मी काच वर केली.

वाटेत बाळारामने हकीकत सांगितली. विहिरीला लागून एक कारखाना होता. गाड्यांचे जळके तेल विकत घेऊन, गाळून, तो पुन्हा विकत असे. उरलेला गाळ आणि रॉकेलसारखे द्रावण मागच्या खड्ड्यात जाई. कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, खड्डा राहिला. गावाला नळ आल्यापासून विहिरीचे पाणी कोणी पीत नाही. तोंडावर लोखंडी झाकण आहे. पण सव्वा महिन्याची बाळंतीण मूल घेऊन तिथे जाते, जलदेवतेची ओटी भरते आणि विहिरीच्या आतल्या पायरीवर तुपाचा दिवा लावते. बाळारामची सून सायली दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होती.

"दिवा? आत?" मी विचारले.

"म्हनून तर तुम्हाला बोलावलं."

आम्ही पोहोचलो तेव्हा चाचणी सुरू झाली होती. वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेचे गृहस्थ वायुमापक दोरीला बांधून विहिरीत सोडत होते. यंत्र गप्प होते. बाटलीत भरून वर आलेले पाणी स्वच्छ.

"झीरो आहे, काका," ते मला म्हणाले. "एकदम सेफ. लोक उगाच पॅनिक होतात."

मी कठड्याला हात लावला. दगड ओले होते, घासलेले होते. कडेला हळदकुंकवाची बोटे, उंबऱ्याला काढावी तशी रांगोळी. झाकण बाजूला भिंतीशी टेकवलेले. भिंतीमागे गोणपाटांचा ढीग पडला होता. एक उचलून नाकाशी धरले; जळक्या तेलाचा वास. पुढे काही विचारण्याची गरज नव्हती, तरी विचारले.

बाळारामची पत्नी हिराबाई पदर खोचून पुढे आल्या. "आमीच धुतली इहीर (विहीर). काल सांच्याला (संध्याकाळी) समद्या बाया लागलो. गोनपाट सोडून तवंग उचलला. रातभर उघरी ठेवली, वास जाया. पावने येनार, न तिला तशी कालीमिट्ट दाखवाची? आमाला काय लाज नाय?"

"अगं बये," बाळारामने कपाळाला हात लावला, "डाक्टर यायच्या आदी रोग्याचा ताप पुसून ठेवलास!"

"तुमी व्हतात कुठं? लेकीकडं मटन खात!"

बाया हसल्या. मला हसू आले नाही. राग त्या बायांवर नव्हता. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण सारवणारी ती माणसे. राग त्यांच्यावर, ज्यांनी चाचणीची वर्दी आधी गावात धाडली. बंद विहीर रात्रभर उघडी ठेवून तपासणे म्हणजे तपासणी नव्हे.

"झाकण लावा. फटींवर ओली गोणी घाला. दुपारी पुन्हा मोजा," मी त्या गृहस्थांना म्हणालो.

"अहो काका, अजून दोन साइट बाकी आहेत. रीडिंग घेतलंय ना मी."

"उद्या इथे दिवा लागणार आहे. तो तुम्ही लावाल का?"

ते यंत्र पेटीत ठेवू लागले. तेवढ्यात हिराबाई आडव्या आल्या. "पावना आमच्या दारशी उपाशी जात नाय. भाकऱ्या टाकल्यान." आणि त्यांनी पेटीच उचलून घरात नेली. जे माझ्या अधिकारवाणीला जमले नाही, ते तांदळाच्या भाकरीने केले. बाळारामने झाकण लावले. आम्ही पडवीत बसलो. भाकरी, सुक्या बोंबलांचे कालवण, कोलीम (बारीक जवळा) कांद्यात परतलेला. जेवण उत्तम होते. गृहस्थांनी तिसरी भाकरी मागून घेतली. सायली मूल मांडीवर घेऊन दारात बसली होती. ती फक्त झाकणाकडे पाहत होती.

उन्हे कलल्यावर झाकण हातभर सरकवले आणि यंत्र आत सोडले. ते किंचाळले. मूल दचकून रडू लागले. गृहस्थ आकडा पाहतच राहिले. खाली, सकाळी स्वच्छ दिसलेल्या पाण्यावर, तेलाचे रंग पुन्हा पसरू लागले होते.

"कोणी इथे काडी ओढली असती तर..." ते पुटपुटले. दुसरी नोंद त्यांनी माझ्यासमोर केली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. झाकण उघडले नाही. सायलीने दूर उभे राहून खण-नारळ ठेवला, नळाच्या पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि मागे न पाहता घरी गेली. तूप घातलेले निरांजन हिराबाईंच्या हातात तसेच राहिले. मी निघताना त्यांनी विचारले, "साहेब, दिवा कवा लावाचा आता?"

खड्डा उपसावा लागेल, माती काढावी लागेल, आणि ते कोणी करायचे हे कोणी सांगत नाही. आमच्या तेलक्षेत्रात प्रत्येक बंद विहिरीवर सिमेंटचा खांब असे, वर पाटी असे. ती कोणाची, हे रानातल्या गुराख्यालाही कळे. इथे भरवस्तीतल्या विहिरीला वाली नाही.

कराडला पोहोचलो त्याच दिवशी बाळारामचा फोन आला. प्रयोगशाळेचे गृहस्थ त्याच्याकडे माझी चौकशी करीत होते. त्यांच्या वरिष्ठांनी विचारले होते, एकाच विहिरीच्या दोन नोंदी कशा चालतील? सकाळची शून्याची नोंद ठेवली तर काम लवकर मिटेल.

मी बॅग उघडली नाही. दुसऱ्या नोंदीचा साक्षीदार मी होतो; पुन्हा ठाण्याचे तिकीट काढले.