चौथी विहीर

ओल्या खडूचा वास आला की आजही माझ्या तोंडाला घाणेरडी चव येते. बासष्ट सालच्या थंडीत आमचे साहेब आणि मी मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात सरकारी विहिरीची जागा ठरवायला गेलो होतो. पोलादी फितीला खडू फासून ती दर आठवड्याला प्रत्येक विहिरीत सोडायची, खडू भिजेल तिथे पातळी वाचायची आणि घोटभर पाणी पिऊन चव लिहायची, असे काम. विहिरी चार; पण चौथी, खाडीलगतची, गाव ज्यांना शिवत नसे त्या वाडीची. गावचे खोत आधीच म्हणाले, “तेंच्या बावीत बुडयलेली फीत आमच्या बावीत घालूची नाय.” साहेब हसले. “तीन पुरेत. चौथीचं अंदाजाने भरू.” निघताना त्या वाडीतली एक म्हातारी लांबूनच ओरडली, “सायबानू, आमचां पाणी गिमात खारां होता, तां तरी लिवन घेवा!” उन्हाळ्यातल्या त्या खारेपणाची नोंद घ्यायला मी वही उघडलीच नाही. कचेरीत बसून तीन आकड्यांवरून नकाशावर सुरेख वळणदार रेषा ओढल्या आणि पार खाडीपर्यंत गोडे पाणी दाखवले. नवी विहीर त्या वाडीच्या अलीकडच्या अंगाला खणली. पुढच्या वैशाखात तिचे पाणी कुणाला तोंडात धरवेना. चौकशी आली तेव्हा साहेबांनी सांगितले आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘उपलब्ध मोजण्या अपुऱ्या होत्या.’ थू! चौथी विहीर शंभर पावलांवर होती, आणि फीत माझ्याच हातात होती.