उडीनंतरची वीस मिनिटं

आमच्या शर्टाच्या कारखान्यात मावशीने चौतीस वर्षं काजं केली. शेवटी शेवटी सुईत दोरा ओवायला शेजारच्या मशीनवरच्या मला हाक मारायची. "डोळ्यात कचरा गेलाय गं," म्हणायची. कचरा कसला, नजरच गेली होती. साहेबाला कळलं तर तो घरी बसवणार, या धास्तीने ती अर्धी झाली होती.

त्यात साहेबाने आमच्या तब्येतीसाठी ट्रॅम्पोलिन आणलं. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येकीने त्यावर दहा मिनिटं उड्या मारायच्या. आधी आणि नंतर नाडी किती, मन कसं, त्या मनाला दहापैकी गुण किती, हे तक्त्यात लिहायचं काम मावशीने पुढे पुढे करून पदरात पाडून घेतलं. तक्त्याचे रकाने मोठे होते, तेवढं तिला दिसायचं.

काम मात्र मन लावून केलं. नाडी पाच मिनिटांत उतरते, पाय थोडा वेळ थरथरतात, पण मन चांगलं वीस मिनिटं खुशीत राहतं, हे तिने शोधून काढलं. मग गप्प बसावं की नाही? गेली साहेबाकडे मिरवायला.

"साहेब, उड्या मारून आलेली बाई वीस मिनिटं कशालाही हो म्हणते बघा!"

साहेबाने तिचं तोंडभरून कौतुक केलं. पुढच्या सोमवारी ट्रॅम्पोलिनशेजारच्या टेबलावर राजीनाम्याचे कागद आले. इस्त्रीवालीने हसत हसत सही केली आणि फाटकापाशी पोचल्यावर हंबरडा फोडला. महिन्याभरात अकरा जणी गेल्या. मावशी खाली मान घालून तक्ता भरत राहिली. मला तिचा असा संताप आला, की मी तिच्या सुईत दोरा ओवणं बंद केलं.

चौथ्या दिवशी साहेबाने तिला रिकामी सुई चाचपडताना पाहिलं.

"मावशी, आज तुम्ही उड्या मारा," तो म्हणाला. "तक्ता ही भरेल." ही म्हणजे मी.

मावशी चप्पल काढून चढली. हसायचंच नाही असं ठरवून, ओठ घट्ट मिटून उडत होती. पण शरीर कुठे ऐकतंय? सातव्या मिनिटाला अंबाडा सुटला आणि ती लहान पोरीसारखी खिदळली. उतरली तेव्हा पाय लटपटत होते. मी नाडी मोजली. एकशे चाळीस.

"मन कसं आहे?"

"छान गं. फार छान." तोंड हसत होतं, डोळे वाहत होते.

साहेबाने कागद पुढे केला. तिला सहीची जागा दिसेना. मी तिचं बोट धरून रेघेवर ठेवलं आणि तक्त्यात तिच्या नावापुढे नऊ लिहिले.