औंढ्याला उतरणारी मावशी

सर्व भाविक मंडळींना, तसेच परीक्षेच्या नावाने पोटात गोळा येणाऱ्या तमाम विद्यार्थ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका, वय वर्षे शेहेचाळीस, धंदा शिलाई, इयत्ता बी.ए. प्रथम वर्ष, ही घरी ‘कॉलेजला जाते’ असे सांगून तीन आठवडे देवाच्या दारात लपून बसली होती. औंढ्याच्या नागनाथाला हे ठाऊकच आहे. आता तुम्हालाही असू द्या.

झालं असं, की लेकीचं लग्न उरकलं आणि बारावीनंतर अठ्ठावीस वर्षं घडी घालून ठेवलेली शिकण्याची हौस मी बाहेर काढली. हिंगोलीच्या कॉलेजात नाव घातलं. पहिले दोन महिने वर्गात राणीसारखी मिरवले. मग चाचणी परीक्षा आली. प्रश्नपत्रिका हातात पडली आणि अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. हात कापायला लागले, छातीत शिलाई मशीन सुरू झाली, आणि मी कोरा पेपर देऊन उठले. मागे कोणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच कशाला हसलं असेल, पण मला ते हसू घरापर्यंत ऐकू येत राहिलं. त्यानंतर झोप उडाली.

आमचं गाव औंढ्याच्या अलीकडे, कॉलेज पलीकडे. बसचा पास हिंगोलीचा, पण मी मधेच औंढ्याला उतरू लागले. चार दिवसांत कंडक्टरलाही सवय झाली, स्टँड आलं की तो स्वतःच ओरडायचा, “मावशी, औंढा आलं, उतरा!” मग दिवसभर नागनाथाच्या आवारात बसायचं, डबा खायचा आणि दुपारच्या बसने विद्वान चेहरा करून घरी यायचं. घरचे कौतुकाने विचारायचे, “काय शिकवलं आज?” मी म्हणायची, “इतिहास.” देऊळ जुनंच आहे, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

परीक्षा पाच दिवसांवर आली तेव्हा एका बुधवारी मी गाभाऱ्यात उतरले. आमच्या नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, अंग चोरून जावं लागतं. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईचा अर्धा अहंकार तिथेच घासून निघतो. मनात म्हटलं, देवा, आज काही खूण दे. नाहीतर उद्या कॉलेजातून नाव काढते आणि पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही.

वर आले, बाहेर पडले, तर माझ्या चपलांशेजारी मांडीवर डबा घेऊन प्रज्ञा बसलेली.

प्रज्ञा म्हणजे माझी सोबती. आमच्या कॉलेजात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गातला एक सोबती देतात. नियम एकच. दर बुधवारी दोघांनी डबा एकत्र उघडायचा आणि तो संपेपर्यंत अभ्यासाचा ‘अ’ काढायचा नाही. हट्टा गावची ही पोरगी, माझ्या लेकीहून लहान, कागदोपत्री माझी मार्गदर्शक!

“तू हितं कशी गं?”

“कंडक्टरला इचारलं. त्यो म्हणला, त्या मावशी तर औंढ्यालाच उतरतात.”

“आन् एवढ्या ढिगात माझ्या चपला कशा वळखल्या?”

“अंगठ्याला सेफ्टी पिन लावून कॉलेजला दुसरं कोन येतं?”

माझे डोळे भरून आले. “पोरी, तुला देवानंच धाडलं बघ!”

“मला कोनी न्हाई धाडलं,” ती शांतपणे म्हणाली. “आमच्या घरी बुद्धवंदना असती. तुमच्या देवाची न् माझी वळख बी न्हाई. तीन बुधवार एकटीनं जेवून कटाळा आला, म्हणून आले. बसा, भाकर वाळून राहिली.”

खूण मागितली, तर नागनाथाने त्याला न मानणारी पोरगी पाठवली. हा देव माझ्याहून खट्याळ आहे, याची त्या दिवशी खात्री पटली.

भाकरी आणि ठेचा संपेपर्यंत तिने खरोखर काही विचारलं नाही. शेवटच्या घासाला मीच फुटले. कोरा पेपर, ते हसू, खोटा इतिहास, सगळं सांगितलं. ती म्हणाली, पहिल्या वर्षी तीसुद्धा हॉस्टेल सोडून गावी पळाली होती, अकरा दिवस पांघरुणाबाहेर आली नव्हती. तेव्हा तिची सोबती डबा घेऊन हट्ट्याला गेली होती. मग प्रज्ञाने हळूच विचारलं, “मावशी, ब्लाऊज बेततानी हात कापतो का?”

“काहून कापंल? आधी खडूनं खुणा करते, मग कात्री.”

“मग पेपरबी तसाच बेता. आधी पेन्शिलीनं खुणा, मग लिहा.”

दुसऱ्या दिवशी ती मला समुपदेशनाच्या बाईंकडे घेऊन गेली. दार उघडेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. उरलेले दिवस आम्ही उत्तरं बेतत बसलो. घरीही मी सगळं कबूल केलं. हे नुसते हसले आणि त्यांनी माझ्या चपलेचा अंगठा शिवून आणला.

मी पास झाले. आता माझ्याकडेही कुरुंदा गावचं एक घाबरलेलं लेकरू सोबतीला आहे, आणि दर बुधवारी मी दोन भाकरी जास्त घेते. इतके दिवस मला वाटायचं, देवाच्या दारात बसून राहिलं की झाली शरणागती. मी तर तिथे दडून बसले होते. आपली वाट बघत कोणीतरी डबा न उघडता थांबलंय, त्याच्या हाती आपला हात देणं मला जास्त जड गेलं. नागनाथाचे उपकार एवढ्यासाठी, की मी त्याच्या पायाशी लपले आणि त्याने मला पाठीशी घातलं नाही, कॉलेजात परत धाडलं.

पण माझ्या लेखी खरा चमत्कार निकालाच्या दिवशी झालाच नाही. तो झाला पेपरच्या सकाळी. बस औंढ्याला थांबली. भीती होतीच. पायात शिवलेली चप्पल, मुठीत टोक केलेली पेन्सिल. कळसाकडे बघून मी हात जोडले. कंडक्टर नेहमीच्या सवयीने ओरडला, “मावशी, औंढा आलं, उतरा!” आणि भरल्या बसमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं:

“न्हाई उतरत आज! देवाला म्हनावं, पेपर हाय माझा!”