ओराकचं मूळ

विळा मी थेट त्यांच्या हातातून घेतला, हीच चूक. आमच्याकडे धारेची वस्तू हातोहात देत नाहीत. एकाने खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. त्यात कोरोनाचं पहिलं वर्ष. ब्रेडच्या पिशवीलाही साबणाने आंघोळ घालणारा मी, नेमका तेव्हा शहाणपण घरी विसरलो.

घरात बसून वेड लागू नये म्हणून आम्ही अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहराच्या कडेला भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला होता. शेजारचा तुकडा एका तुर्की आजोबांचा. मला द्यायचा विळा ते कुंपणापाशी ठेवायला वाकले, तेवढ्यात मी तो पटकावला.

"आमच्या गावातही असा देत नाहीत," ते म्हणाले. दोघांचंही डच सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं.

विषय बदलावा म्हणून मी विळ्याला तुर्कीत काय म्हणतात ते विचारलं.

"ओराक. फार पूर्वी ओर्गाक म्हणायचे. 'ओर' म्हणजे पीक कापणं. त्याला शेपूट लागलं की हत्यार होतं."

"आमच्याकडेही, खुरपायचं ते खुरपं."

"हो. पण कापणं आधीचं. हत्यार नंतर आलं." पात्याकडे बघत ते म्हणाले, "कापायला त्याची गरज नसते."

मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी फाटकाशी भेटली. बाबा हॉस्पिटलात, श्वासाच्या मशीनवर. भेटायला कुणालाच सोडत नाहीत. इकडे त्यांच्या जागेत गवत कमरेएवढं झालं, आणि मला तो हातातून घेतलेला विळा काही विसरता येईना.

एका सकाळी धुक्यात त्यांच्या बाजूने आवाज आला. सर्र. मग जरा थांबून पुन्हा सर्र. विळा माझ्या शेडमध्ये खिळ्यालाच होता, मी हात लावून पाहिलं. आवाज थांबल्यावर गेलो. अर्धं गवत कापलेलं, मुठीमुठीने नीट आडवं ठेवलेलं. सभोवतीच्या उभ्या गवतावरचं दव मात्र जसंच्या तसं. कुणी आत गेल्याची खूण नाही.

सायकल तिथेच टाकून मी गमबुटांत घरापर्यंत धावलो. पन्नाशीत, पोटासकट.

बायकोने मीटिंग म्यूट केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"अर्धंच ना?"

"अर्धंच."

"मग आजोबा अजून आहेत. उरलेलं कापू देऊ नकोस," ती म्हणाली. "जा परत. बसून राहा तिथे."