मुलगी बोलेना ते पाच दिवस

मे १९८९. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधीची दुपार, पारोळ्याला माझं माहेर. हजर: आबा, म्हणजे माझे वडील, आई, दोंडाईच्याहून आलेली मोठी बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, वहिनी, जळगावहून आलेली मी, आणि माझी साडेतीन वर्षांची मुलगी. भाऊ शेतात गेलेला.

मुलीला जूनमध्ये बालवाडीत घालायचं होतं. प्रवेशाआधी तिथल्या बाई दोन-चार प्रश्न विचारतात, असं शेजारणीने सांगितलं होतं. आणि माझी मुलगी क ला त म्हणायची, ग ला द आणि र ला ल. काकाचा ताता, रिक्षाची लिश्ता, कुकरचा तुतल. काही शब्द तर तिने ऐकतानाच वेगळे ऐकलेले. साबुदाण्याला ती साबणदाणा म्हणायची आणि तोंडाला फेस येईल म्हणून खायची नाही. पोलिओचा डोस द्यायला घेऊन निघाले, तर स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. पोळीचा डोस आहे तर तूप लागेलच.

मी सगळ्याच कामांच्या याद्या करते. हीही केली. वहीत तीन रकाने पाडले: खरा शब्द, तिचा शब्द, सुधारला का. रोज जेवणानंतर पाच शब्दांचा सराव. तिसरा रकाना कोराच होता.

त्या दुपारी अक्काने माझ्या पिशवीतून पापडांचा डबा काढताना ती वही बाहेर काढली.

"अगं, पोरीच्या बोलण्याचीसुद्धा वही? धन्य आहे तुझी! बघू, म्हणून दाखव म्हणावं."

मी मुलीला मध्ये उभं केलं. "म्हण, कुकर."

"तुतल."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. आबांनी पेपर खाली ठेवला. "अजून एक, अजून एक," अक्का म्हणाली. पहिले दोन-तीन शब्द मी यादीच्या क्रमाने विचारले. मग कोणत्या शब्दाला जास्त हसू येईल ते पाहून निवडू लागले. मुलगीही आधी हसत होती. दहाव्या की अकराव्या शब्दाला तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मी तेव्हा डोळे पुसत होते, हसून हसून.

त्यानंतर ती बोलेना.

संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवी, शू लागली तर माझं लुगडं ओढी. दुसऱ्या दिवशी मी तिला समजावलं, रागावले, कुल्फीचं आमिष दाखवलं. तिने नकाराची मान हलवली. तिसऱ्या दिवशी सांजोऱ्या करायला आलेली शेजारीण म्हणाली, "पोर मुकी शे का व माय?" मी "नाही हो" म्हटलं आणि उठून आत गेले.

आई सांजा परतत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बठ्ठा हासतस, मंग पोर काय करी?"

सगळे हसतात, हे खरं होतं. पण हसवायला मी बसले होते, हे आई बोलली नाही.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सणाला घरात बसवलेली गौराई बोळवायला निघालो. आमच्याकडे त्या वेळी बार खेळतात. दोन गल्ल्यांमधल्या बाया-पोरी समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बायका हात नाचवून भांडतात. त्याचा राग धरायचा नाही, असा रिवाज.

मुलगी अक्काच्या कडेवर होती. आमच्या गल्लीने सुरुवात केली, "तुमनी गौराई काळी, घालस फाटकी चोळी!" दोन-तीनदा तेच झालं. श्वास घ्यायला आमच्या पोरी थांबल्या आणि त्या मोकळ्या जागेत अक्काच्या कडेवरून आवाज आला,

"तुमनी दौलाई ताली, धालस फाटती चोली!"

"फाटकी म्हण" हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. अक्काने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो डाग दोन दिवस राहिला.

समोर एक जाडजूड आजीबाई होत्या. त्या हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून थेट पोरीलाच म्हणाल्या, "फाटकी तुमनी! आमनी नवी शे, नवी!"

"नाही! तुमनी फाटती!"

"ये आठे, दाखाडस तुले!"

"तूच ये!"

असं बराच वेळ चाललं. परतताना ती अक्काला वाटभर सांगत होती की आपण जिंकलो. एकही शब्द धड नव्हता आणि मी एकही सुधारला नाही.

जूनमध्ये बालवाडीच्या बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"तेलं."

"एक की दोन?" बाईंनी विचारलं. त्यांना केळं बरोबर कळलं होतं. प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षभरात ग आपोआप आला, मग र, आणि क सगळ्यात शेवटी. कोणत्या दिवशी आला ते मला सांगता येणार नाही.

आता ती नववीत आहे. भराभर आणि स्पष्ट बोलते. पण धड्यात एखादा नवा अवघड शब्द आला की उच्चारण्याआधी अजून एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघते. इतर कुणाकडे नाही. मी चेहरा सरळ ठेवते, भाजी चिरत राहते.

त्या दुपारी मी चुकले, एवढं तिला सांगायचं आहे. दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा घरात माणसं होती, आणि हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ते राहिलं आहे.