ब्रदर गोपीनाथांची साक्ष

आंबिवलीच्या आमच्या प्रार्थनासभेत ब्रदर गोपीनाथ साक्ष द्यायला उभे राहिले की मी दाराजवळच्या चपला मोजायला लागते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, ती साक्ष. ह्यांच्या साक्षीत देव चवीपुरता असतो.

कोविडची लस त्यांनी घेतली नाही, कारण 'माझा डॉक्टर येशू'. वाचले ही प्रभूची कृपा, मीही मानते. पण तेव्हापासून हा गृहस्थ प्रभूचा सेक्रेटरी असल्यासारखाच वागतो. कोणी बाळाला गोवराची लस टोचून आणली की हे विचारणार, "विश्वास कमी पडला का, सिस्टर?" स्वतःची दाढ ठणकली तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी कल्याणला डेंटिस्टच्या खुर्चीत! इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात एका बुधवारी त्यांच्या सात वर्षांच्या नातीला, करिश्माला, कुत्रं चावलं. त्याच कुत्र्याने शेजारच्या शकूच्या विकीचीही पोटरी धरली. दोन दिवसांनी ते कुत्रं पिसाळून मेलं. शकूने विकीला लगेच पालिकेच्या दवाखान्यात नेलं होतं. ब्रदरनी नातीच्या जखमेवर प्रार्थनेचं तेल चोळलं आणि सुई टोचायची नाही असं घरात बजावलं. त्यांची बायको गोदूबाई गप्प राहिली. चाळीस वर्षं ती गप्पच आहे. त्या घरात दुसऱ्याला बोलायला जागा कुठे?

पुढच्याच्या पुढच्या रविवारी ब्रदरनी करिश्माला सभेत पुढे उभं केलं. "एकही सुई नाही! नुसतं तेल आणि प्रार्थना!" साक्षीला आमेन म्हणायची रीत आहे, म्हणून सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, त्याची मला अजून लाज वाटते.

बाजूला बसलेली शकू हळूच म्हणाली, "मग विकीच्या राहिलेल्या दोन सुया नको देऊया ना? देवाला वाटायचं, भरोसा नाय."

"वेडी आहेस का गं?" मी म्हटलं. पण ती करिश्माकडे बघत होती. धडधाकट पोरगी समोर उभी असताना माझं कोण ऐकणार?

मागच्या रांगेतून गोदूबाई उठली. तिने ऐकलं होतं.

"माझीपण साक्ष हाय," ती म्हणाली. "बायकांच्या प्रार्थनेला जाते असं ह्यांना सांगून मी करिश्माला तीनदा दवाखान्यात नेली. पहिल्या दिवशी तर जखमेतपण सुया दिल्या. प्रभूने रिक्षा दिली, डॉक्टर दिला, खोटं बोलायची हिंमत दिली. दोन सुया राहिल्यात. शकू, बुधवारी विकीला घेऊन ये, एकाच रिक्षात जाऊ."

ब्रदरनी डोळे मिटले आणि मोठमोठ्याने प्रार्थना सुरू केली. गोदूबाई बसली नाही. आमेन आल्याशिवाय साक्ष संपत नाही, हे नवऱ्यानेच तिला शिकवलेलं.

"आमेन," शकू म्हणाली. "बुधवारी किती वाजता निघायचं, मावशी?"