माझ्या अर्जात न मावलेली बाई

“आधी वाचून दाखवा, भाऊ. सही मागनं.” असे म्हणून तिने स्टूल पुढे ओढले आणि मी ‘बसा’ म्हणण्याच्या आत ती बसलीही.

वाचकहो, अंबरनाथला सरकारी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. शिक्षण नववी नापास. रुबाब मात्र निवृत्त न्यायाधीशाचा. लोक माझ्यासमोर उभे राहून बोलतात, हीच माझी पदवी. त्यामुळे पालेगावच्या या बाईचे बसणे मला फार लागले.

आनंदनगरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. तीन दिवस तापाने पडली, तर कळवूनही सुपरवायझरने तिचे नाव काढून टाकले. घरात कमावती ती एकटीच. मी माझा ठेवणीतला मजकूर लिहून वाचून दाखवला : ‘मी एक अबला, अडाणी, निराधार स्त्री असून आपणच माझे मायबाप आहात...’

“थांबा. ही कोण?”

“तुम्हीच.”

“मी? आठ वर्षं लायनीवर उभी आहे. नव्या पोरींना मीच शिकवते. अबला म्हणे! भीक मागायला चाललेय काय मी?”

“ताई, साहेबांना असंच आवडतं.”

“साहेबांना, की तुम्हाला?”

मी ते सगळे खोडले. इतकी वर्षे काम केले, आजारी पडले, फोन केला होता, परत घ्या. अर्ज चार ओळींत संपला. माझ्या विद्वत्तेला त्यात जागाच उरली नाही.

“मॅनेजरपुढे मी बोलेन, तुम्ही घाबराल,” असे बजावून, इस्त्रीचा सदरा घालून मी तिच्याबरोबर गेलो. मॅनेजरने मान वर न करता विचारले, “आप कौन?”

“मी... मी कुणी नाही, साहेब.” माझे हात केव्हा जोडले गेले, ते मलाच कळले नाही.

“अर्ज यांनी लिहिलाय,” ती म्हणाली. “काम माझं गेलंय, मी बोलते. साब, बुखार था, पहिल्याच दिवशी फोन किया था. ये देखो.” तिने मोबाइल पुढे धरला. मॅनेजरने तो पाहिला, सुपरवायझरला बोलावले आणि सोमवारपासून तिला कामावर यायला सांगितले.

बाहेर आल्यावर ती मला हसली नाही. म्हणाली, “पाय माझेपण लटपटत होते, भाऊ. साडी होती म्हणून दिसलं नाही.”

त्यानंतर ती माझ्याकडे कधी आली नाही. सोमवारी मीच काहीतरी निमित्त काढून आनंदनगरला गेलो होतो. ती दोन पोरींना काही समजावत गेटातून आत चालली होती. हाक मारावीशी वाटली. पण कोण म्हणून मारायची, ते ठरेपर्यंत ती आत गेली.